वीस मिलिलिटरची जत्रा: हंगेरीची पालिंका, गोव्याची फेणी आणि आपली मार्चअखेरची द्राक्षं



'माल विकतो की नाव विकतं' या व्हिडिओत मी हंगेरीच्या पालिंकाचं उदाहरण दिलं होतं. दोनच मिनिटांचं होतं, पण त्यावर फोन मात्र भरपूर आले. निम्मे फोन असे, की "सर, ही आपल्याकडं कुठं मिळंल?" उरलेले निम्मे, "सर, तुम्ही पोरांना धंदा शिकवता का दारू?" म्हणून म्हटलं, व्हिडिओत जे घाईत उरकलं ते इथं नीट लिहून काढू.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फळापासून केलेली दारू ही दारूच आहे, तिला सरबत म्हणायचं काही कारण नाही. पण ती शेतमालाची प्रक्रियाही आहे, आणि या प्रक्रियेत सगळ्यात जास्त पैसा भट्टीला मिळत नाही, तो मिळतो 'ह्या नावाखाली काय चालेल आणि काय चालणार नाही' हे लिहून ठेवणाऱ्याला. हंगेरीनं ते लिहून ठेवलं. गोव्यानं उशिरा का होईना लिहिलं. आपण निफाड तालुक्यात बसून द्राक्षाच्या गप्पा मारतो आणि बेदाण्याच्या पुढं आपलं डोकं चालत नाही.

आता पालिंका म्हणजे काय ते समजून घेऊ. जर्दाळू, आलुबुखारा, नाशपाती, सफरचंद, आंबट चेरी, यातलं कुठलंही पिकलेलं फळ घ्यायचं, कुस्करायचं, आंबवायचं आणि तो आंबवण भट्टीवर चढवून त्याचा अर्क काढायचा. वरून साखर नाही, रंग नाही, वास नाही. नावाचं मूळ स्लाव भाषेतल्या 'जाळणे, भाजणे' या अर्थाच्या शब्दात आहे. फळ हंगेरीत पिकलेलं, आंबवणं हंगेरीत, भट्टी हंगेरीत, बाटली भरणंही हंगेरीत, आणि अल्कोहोल कमीत कमी ३७.५ टक्के. यातलं एक जरी चुकलं तरी बाटलीवर पालिंका लिहिता येत नाही. अपवाद फक्त शेजारच्या ऑस्ट्रियाच्या चार प्रांतांना, आणि तोही फक्त जर्दाळूच्या दारूपुरता.

ही शिस्त फार जुनी नाही बरं का. कम्युनिस्ट राजवटीच्या काळात तिथल्या कारखान्यांतून स्वस्त स्पिरिटमध्ये फळाचा वास मिसळून बाटल्या निघायच्या आणि त्याच पालिंका म्हणून खपायच्या. नाव पार उतरलं होतं. गावाकडचा म्हातारा आपल्या परसातल्या आलुबुखाऱ्याची काढायचा ती खरी, आणि दुकानातली म्हणजे डोकेदुखी, असा प्रकार. मग २००२ मध्ये कायद्यानं ठरवलं की शंभर टक्के फळाच्या अर्कालाच हे नाव. २००४ मध्ये हंगेरी युरोपीय संघात गेली तेव्हा ते नाव तिथंही सांभाळलं गेलं, आणि २००८ मध्ये पालिंकासाठी वेगळा कायदाच झाला. माल तोच होता, फळं तीच होती. बदललं काय, तर भेसळवाल्याच्या हातून नाव काढून घेतलं.

आता हे वाचताना आपल्याकडच्या ब्रँडीची आठवण यायला पाहिजे. ब्रँडी म्हणजे मुळात द्राक्षाच्या वाईनचा अर्क. आणि आपल्या देशात ब्रँडी नावानं ज्या बाटल्या विकल्या जातात त्यातल्या बहुतेकींमध्ये मुख्य माल असतो उसाच्या मळीचं स्पिरिट. लेबलवर द्राक्षाचा घड छापलेला असतो एवढंच. द्राक्ष पिकवणाऱ्या जिल्ह्यात बसून आपण हे चालवून घेतलं. एकानंही म्हटलं नाही की बाबा, ह्या घडाचं आम्हाला भाडं तरी द्या!

माझ्या एका मित्राचा भाचा देब्रेत्सेनला डॉक्टरकी शिकतो. त्यानं मित्रांबरोबर तिथल्या पालिंकाच्या जत्रेचा व्हिडिओ पाठवला होता, आणि तो मी आमच्या क्लासमध्ये चार वेळा दाखवलाय. अशा जत्रा तिथं ठिकठिकाणी भरतात. रोमानियाच्या सीमेजवळ ड्युला नावाचं गाव आहे, तिथली नावाजलेली आहे. बुडापेस्टला पालिंका आणि सॉसेज यांची जोडजत्रा भरलेली आहे. पोरं काय बघतात, तर गर्दी, गाणी, हशा. मी काय बघतो, तर पेला.

तो पेला म्हणजे ट्युलिपच्या फुलासारखा, खाली फुगीर, वर निमुळता, बोटभर उंचीचा. त्यात ओततात २० मिलिलिटर. जास्तीत जास्त ४०. पालिंका थंडगार करत नाहीत, बर्फ नाही, सोडा नाही. आधी नाकाशी धरायची, वास घ्यायचा, मग घोट. जर्दाळूची असेल तर जर्दाळूचाच वास आला पाहिजे, नाहीतर गडी पुढच्या स्टॉलला जातो. सोबत खायला काय, तर पावाच्या जाड कापावर चरबी चोपडलेली, वरून लाल तिखट आणि चिरलेला लाल कांदा. कांदा! लासलगाववाल्यांनी नोंद घ्यावी.

आता धंद्याच्या डोळ्यानं बघा. आपल्याकडं दारूचं माप काय आहे? क्वार्टर. म्हणजे १८० मिलि. त्याखाली नव्वद. तिथून वर हाफ, मग खंबा. आपली भाषाच अशी आहे की माणूस बसला की किमान नव्वदनं सुरुवात. त्यामुळं गिऱ्हाईक विचारतं एकच प्रश्न, 'केवढ्याला बसंल?' स्वस्त पाहिजे, कडक पाहिजे, लवकर चढली पाहिजे. अशा बाजारात फळाला काय किंमत येणार? मळीच जिंकणार.

२० मिलिच्या बाजारात गिऱ्हाईक वेगळं विचारतं. कुठल्या गावचं फळ? कुठल्या साली काढली? हा आलुबुखारा सात्मारचा का? तो जर्दाळू केचकेमेतचा का? ही दोन्ही नावं वेगळी नोंदवलेली आहेत, येवल्याच्या पैठणीसारखी. चार मित्र जत्रेत फिरून पाच-सहा स्टॉलवर दोन-दोन घोट चाखतात, एकमेकांना 'हे घेऊन बघ' म्हणतात, वाद घालतात, आणि घरी जाताना एखादी बाटली घेतात. मित्राच्या तोंडून झालेली ती विक्री कुठल्याही जाहिरातीपेक्षा पक्की. तुमची चिवड्याची गाडी असो नाहीतर मसाल्याचं दुकान, चव द्यायचं माप आणि विकायचं माप वेगळं ठेवा हे मी नेहमी सांगतो ना, ते हेच.

हिशोब करून बघू. थॉमसनची किंवा सोनाकाची १०० किलो द्राक्षं घ्या, चांगली गोड, पण मणी बारीक राहिला म्हणून व्यापारी नाकारतोय अशी. रस निघेल ६५ लिटरच्या आसपास. आंबवल्यावर अल्कोहोल साधारण १० टक्के धरा, म्हणजे साडेसहा लिटर निव्वळ. ४२ टक्क्यांवर आणलं की पंधरा लिटर. त्यातली सुरुवातीची आणि शेवटची धार बाजूला काढली, थोडी घट धरली, तर हातात १२ लिटर. आता १२ लिटरच्या क्वार्टर होतात ६६. आणि २० मिलिचे पेले होतात ६००. माल तेवढाच. लगेच गुणाकार करून डोळे फिरवू नका, त्यातून परवाना, उत्पादन शुल्क, काच, मजुरी, वीज, भांडवल अडकून पडल्याचं व्याज आणि जत्रेतली जागा हे सगळं जायचंय. पण ६६ आणि ६०० मधला फरक कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

'सुरुवातीची धार बाजूला काढली' असं वर म्हटलं, त्यावर थोडं थांबतो. आपल्याकडं 'पहिल्या धारेची' म्हणजे एकदम अस्सल, मानाची. मिशीवर ताव देऊन सांगायची गोष्ट. फळाचा अर्क काढणाऱ्याला विचारा, तो पहिली धार पिण्याला देणारच नाही. त्यात उग्र, डोकं धरवणारी, नेलपॉलिशसारखा वास मारणारी द्रव्यं जास्त येतात. ती वेगळी काढायची. मग मधली धार, तिला ते लोक 'काळीज' म्हणतात, ती ठेवायची. शेवटची जड, ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची, तीही बाजूला. सगळं कसब त्या दोन कापांमध्ये आहे, कुठं सुरू करायचं आणि कुठं थांबायचं. आपल्या भाषेत जी शान आहे ती त्यांच्या भट्टीत टाकाऊ आहे.

आणि म्हणूनच हेही स्पष्ट सांगतो: कुकरला नळी लावून प्रयोग करू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, कडक दारू प्यायला वयाची अट २५ वर्षं आहे, पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली. ती फळाची नव्हती, त्यात मिथेनॉल होतं. पण बाटलीत काय आहे हे कुणीच लिहून ठेवलेलं नसतं तेव्हा गरीब माणूस काय पितो, त्याचं ते उत्तर होतं.

हंगेरीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जत्रा नाही, गिरणी आहे. म्हणजे भाड्याची भट्टी. गावातला शेतकरी आपल्या झाडांची फळं कुस्करून पिंपात आंबवतो आणि तो आंबवण घेऊन परवानाधारक भट्टीवर जातो. भट्टीवाला त्याचा अर्क काढून देतो, मजुरी घेतो, सरकारचा कर भरून घेतो. आपण दळण टाकतो ना, अगदी तसं. गहू तुमचा, जातं त्याचं. भट्टीत लाखो रुपये शेतकऱ्यानं घालायचे नाहीत, आणि पहिली-शेवटची धार ओळखणारा माणूस भट्टीवर असतोच. २०१० मध्ये तिथल्या सरकारनं यावर मेहेरबानी करून घरच्यासाठी वर्षाला ५० लिटरपर्यंत करच माफ केला, आणि शेतकऱ्याला घरी काढायचीही मुभा दिली. युरोपीय संघानं हरकत घेतली आणि २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयानं ही माफी नियमाबाहेरची ठरवली. म्हणजे तिथंही सरकार आणि भट्टी यांची ओढाताण आहेच. पण भांडण 'कर किती' यावर चाललं, 'शेतकऱ्यानं आपल्या फळाचं हे करावं की नाही' यावर नाही.

आता म्हणाल, युरोपचं सोडा, आपल्याकडचं सांगा. आपल्याकडचं म्हणजे गोवा. तिथली काजूची फेणी ही पालिंकाची सख्खी बहीण. काजूगर सगळ्यांना माहीत, पण तो ज्याला खाली लटकलेला असतो ते रसाळ बोंडू दुसऱ्या दिवशी नासतं. गोव्यात फेब्रुवारी ते मे डोंगरात भट्ट्या लागतात. झाडावरून आपोआप पडलेले बोंडू गोळा करायचे, तुडवायचे, रस आंबवायचा, एकदा गाळला की निघतो उर्राक. हलका, १५ टक्क्यांच्या आसपासचा, हंगामापुरताच. परत गाळला की फेणी, ४२-४३ टक्क्यांची. काही लोकांना तिचा वास सहन होत नाही. माझ्या मते तो वासच तिची सही आहे. वास नको असेल तर व्होडका प्या.

२४ जूनला गोव्यात सांजांव असतो. सेंट जॉनचा सण, ऐन पावसात. डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून पोरं 'व्हिवा सांजांव' ओरडत विहिरीत उड्या मारतात, गावभर फिरतात, शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात, आणि फेणी हातोहात फिरते. आम्ही पिंपळगावचे चौघं एका वर्षी गेलो होतो. चौघांत एक माळकरी, तो फक्त फणस आणि अननसावर होता, आणि उड्या मात्र त्यानंच सगळ्यात जास्त मारल्या. आम्हाला ज्या घरात बसवलं तिथल्या आजोबांनी आधी विचारलं, "जेवलात का?" आणि मग छोट्या ग्लासात दोन बोटं ओतली. कुणाच्या डोंगरातली, कुणाच्या भट्टीची, कुठल्या सालची हे न विचारता सांगितलं. पुन्हा ओतायच्या आधी भात आणून ठेवला. आमच्यातल्या एकानं सवयीनं "अजून एक मोठा" म्हटलं, तर आजोबा हसले आणि बाटलीला बूच लावून आत ठेवून आले! बोलले काहीच नाहीत.

त्या फेणीची कागदावरची गोष्ट पण ऐका. वर्षानुवर्षं ती सरकारी भाषेत 'देशी दारू' होती. देशी दारू म्हटलं की राज्याबाहेर विकायची पंचाईत, चांगल्या हॉटेलात ठेवायची लाज. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. भट्टी तीच, बोंडू तेच, फक्त रकाना बदलला. आता तिच्या महागड्या बाटल्या निघतात आणि पर्यटक डोंगरात भट्टी बघायला पैसे देऊन जातात. आणि आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीकडं, तेच बोंडू एक तर बागेत कुजतं नाहीतर टेम्पोत बसून गोव्याला जातं. २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं काजूबोंडू, मोहाफूल यांच्या मद्याला 'देशी'तून काढून 'विदेशी मद्य' या वर्गात बसवायचं ठरवलं. गंमत बघा, आपल्या डोंगरातल्या मोहाला मान द्यायचा तर त्याला आधी विदेशी म्हणावं लागतं. याच मोहावर ब्रिटिशांनी १८९२ मध्ये खास कायदा केला होता, ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींना फूल घरात ठेवायची चोरी झाली होती. सव्वाशे वर्षं झाली, रकान्यांचा खेळ चालूच.

आता घरी येऊ.

नाशिककडं सगळं आहे असं म्हणतात, आणि बऱ्यापैकी खरं आहे. २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण, आपल्याच तालुक्यात विंचूरला वाईन पार्क, 'नाशिक व्हॅली वाईन' हे नोंदवलेलं मानांकन. सुलानं २००८ पासून सुलाफेस्ट भरवलं, मुंबई-पुण्याची पोरं गंगापूरच्या बाजूला द्राक्षं तुडवायला आली, नाशिकचं नाव झालं. ती कंपनीनं स्वतःच्या पैशानं उभी केलेली जत्रा आहे, त्याबद्दल त्यांना सलामच. पण एका कंपनीची जत्रा आणि एका फळाची जत्रा यात फरक आहे. ड्युलाला स्टॉल लागतात ते अनेक भट्ट्यांचे, लहानमोठ्या. नाव सगळ्यांचं मिळून एकच, आणि चवीवरून भांडण एकमेकांत. भांडायला प्रतिस्पर्धी शेजारी असला की गिऱ्हाईक जास्त येतं, हे कापड बाजारातल्या कुणालाही विचारा.

आणि आपल्याकडं जखमही आहे, ती विसरून चालणार नाही. वाईन द्राक्षांची हवा होती तेव्हा खूप जणांनी बागा लावल्या. २००८ च्या मंदीनंतर मागणी बसली, काही वायनरींनी माल उचलला नाही, पैसे अडकले, आणि लोकांनी डोळ्यांदेखत वेली उपटल्या. वाईनचं द्राक्ष टेबलावर खायला चालत नाही, म्हणजे एकच गिऱ्हाईक, आणि एकच गिऱ्हाईक म्हणजे गळ्यात दोरी. म्हणून अर्काची बाब वेगळी आहे असं मला वाटतं. अर्काला थॉमसन चालतो. चांगल्या वाईनला जसं खास द्राक्षच लागतं तसं इथं अडत नाही, जगात कितीतरी ठिकाणी साध्या, सौम्य द्राक्षांचाच अर्क काढतात. हंगेरीत तर वाईन काढून उरलेल्या चोथ्याचीही काढतात, तोर्कोय-पालिंका म्हणतात तिला. आणि काचेच्या बाटलीतला अर्क वर्षानुवर्षं टिकतो. शेतकऱ्याच्या हातात थांबायची ताकद येते. एप्रिलमध्ये पाऊस येणार म्हणून व्यापाऱ्यापुढं हात जोडायचे, ही आपली मूळ दुखणी आहे ना?

मग अडतं कुठं? पैशात नाही. अडतं दोन ठिकाणी.

एक, आपण खोटं बोलतो. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि महिनाभर रान उठलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय बासनात गेला. त्या वादात वाईनच्या बाजूचे लोक काय सांगत होते? वाईन ही दारूच नाही. अहो, आहे! बायाबापड्यांना कळत नाही का? ज्या बाईनं नवऱ्याच्या दारूपायी घर विस्कटताना पाहिलंय तिला तुम्ही 'ही आरोग्याला चांगली' असं सांगितलंत तर ती तुमच्या द्राक्षाच्या भावाचं काय ऐकणार? त्या दिवशी द्राक्षवाल्याची केस द्राक्षवाल्यांच्या वकिलांनीच घालवली. सरळ म्हणायचं होतं: होय, दारू आहे, म्हणून तिचं माप लहान, किंमत जास्त, विकायची जागा ठरलेली आणि बाटलीत काय आहे ते छापलेलं.

आमच्या क्लासला बचत गटाच्या एक ताई येतात, पापड-कुरडईचं काम करतात. त्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "सर, स्वस्त काय न महाग काय, पिणारा पितोच. तुमची वीस मिलिची जत्रा संपली की तो गडी बाहेर येऊन क्वार्टर मारणार नाही कशावरून?" कशावरून नाही हे मला सांगता येत नाही. हंगेरीत दारूनं कुणाचं घर मोडत नाही असं मी म्हणणार नाही, मोडतं. मी ताईंना एवढंच म्हटलं, की ज्याला दारूच प्यायचीय तो आजही पितोय, आणि त्याचा पैसा मळीच्या कारखान्याला जातोय. त्यातला एक घोट तरी द्राक्षाचा असावा. त्यांना पटलं नाही. नाही पटलं तरी चालेल, पण त्यांचा प्रश्न जत्रेच्या नियमांत उतरला पाहिजे: कुपनावर पेल्यांची मर्यादा, जेवणाशिवाय ओतायचं नाही, गाडी चालवणाऱ्याला नाही. आणि ज्याच्या घरात हा त्रास आहे त्यानं या धंद्यात पडूच नये, कितीही नफा दिसू दे. कर्ज काढून तर अजिबात नाही.

दुसरं अडतं ते नावावर. जून २०२५ मध्ये सरकारनं 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवीन वर्ग काढला, धान्यापासूनच्या मद्याचा. नावात महाराष्ट्र आला, द्राक्ष नाही आलं. आपण मागणी केली होती का? नाही. आपण कांद्याच्या निर्यातबंदीवर हायवे अडवतो, पण आपल्या फळाच्या अर्काला स्वतःचा रकाना मागायला कुणी गेलं नाही.

मला विचाराल तर ब्रँडी हा शब्द सोडून द्यावा. तो खर्च झालाय, कम्युनिस्टांच्या काळातल्या पालिंकासारखा, आणि तो परत मिळवायची ताकद आपल्यात नाही. नवीन नाव घ्या, मराठी घ्या, गोऱ्या माणसाला म्हणता येतं की नाही याची चिंता करू नका. पालिंका आपल्याला म्हणता आलंच की. पण नावाच्या आधी एक पानाचा नियम लिहा. फळ कुठल्या तालुक्यांचं, साखर घालायची नाही, मळीचं स्पिरिट एक थेंब नाही, किती टक्के, किती महिने ठेवायची, लेबलवर हंगामाचं साल, आणि मोडणाऱ्याला बाहेर कोण काढणार. शेवटचा मुद्दा लिहायला सगळे कचरतात, कारण मोडणारा बहुतेक वेळा आपलाच पाहुणा निघतो.

आणि सरकारकडं मागायचं एकच: दळणाची परवानगी. विंचूरसारख्या ठिकाणी एक परवानाधारक भट्टी, तिथं शेतकऱ्यांच्या गटानं आपला माल नेऊन मजुरीवर गाळून घ्यावा, प्रत्येक लिटरचा कर जागेवर भरावा, बाटली गटाच्या नावानं निघावी. अधिकाऱ्यालाही सोपं, कारण शंभर भट्ट्यांवर नजर ठेवायची नाही, एकीवरच ठेवायचीय. चिकूवाल्यांनी बोर्डीला वाईन काढून दाखवली, कुणीतरी आधी कागद घेऊन गेलं म्हणूनच ते झालं.

गेल्या महिन्यात तिघं द्राक्षवाले मला भेटायला आले होते, व्हिडिओ बघूनच. पहिला प्रश्न, "सर, नाव काय ठेवायचं?" दुसरा, "लेबल कोण डिझाईन करंल?" मी त्यांना तीन हंगामांचा हिशोब आणायला सांगितलाय: प्रत्येक वर्षी किती माल मणी बारीक म्हणून परत आला, तो शेवटी कुणाला आणि काय भावानं गेला, आणि त्या दिवशी साखर किती होती. ब्रिक्स मीटर तिघांकडंही आहे. आकडे मात्र एकाकडंच सापडले, तेही बायकोच्या वहीत.